देवाला सोडलेली घोडी

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको. म्हातारी जनावरं गरीब असतात, डोळे मिटून ऊन खात उभी राहतात, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. माझे दात झिजले, आयाळ विरळ झाली, थंडीत डावा पाय ठणकतो. राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो का आहे ते सांगायलाच मी बसले आहे. बसले कसली, उभीच आहे. आम्ही घोडी उभ्यानंच सगळं करतो.

माझा जन्म भीमा नदीच्या काठचा. आमची जात चणीनं लहान, पण काटक. चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणून मला पंचकल्याणी म्हणत. असं जनावर दारात आलं की घराचं भलं होतं, असं माणसांना वाटतं. त्या जनावराचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. एका सौदागरानं मला इतर घोड्यांबरोबर चालवत वऱ्हाडात आणलं, आणि अकोल्यात किसनरावांनी मला पाहिलं.

तो काळ कापसाचा होता, मित्रांनो. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून आमच्या काळ्या रानातल्या कापसावर सगळे तुटून पडले होते. काल जो पायी चालत होता तो आज घोड्यावर बसत होता. किसनराव त्यातलेच. मूळचे खेड्यातले शेतकरी, पण कापसाची दलाली करू लागले आणि बघता बघता जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठी माडीचं घर उठलं. आता माडी झाली म्हटल्यावर दारात घोडी नको? मला घरी नेलं तेव्हा बायकांनी ओवाळलं. पायात घुंगरू घातले. तोबऱ्यात भिजवलेला हरभरा आणि वर गुळाचा खडा. मला सांभाळायला मोतद्दार ठेवला, तो सकाळ-संध्याकाळ खरारा करी. माझं नाव ठेवलं हिरकणी. चार लोक जमले की किसनराव माझ्या मानेवर थाप मारून म्हणत, "माहं नशीब या घोडीच्या पायानं आलं, बाप्पा!"

आणि मी खुळी! मला ते खरं वाटलं.

मी जीव तोडून काम केलं. पहाटे निघायचं, गावोगाव हिंडून शेतातला उभा कापूस किसनरावांना दाखवायचा, तिथून अमरावतीच्या पेठेत, तिथून परत अकोल्याला. भावाची बातमी ज्याला आधी कळली तो जिंकला, असा तो धंदा होता. ती बातमी माझ्या पाठीवरून धावत होती. पावसाळ्यात चिखल माझ्या पोटाला लागे, उन्हाळ्यात तोंडाला फेस येई. तरी मी कधी अडले नाही, कधी कुणाला पाडलं नाही. अकोल्याच्या बाजारात लोक बोट दाखवून म्हणत, ती बघा किसनरावांची घोडी. मलाही ते आवडे. खोटं कशाला सांगू?

मग एका वैशाखात अमेरिकेतली लढाई थांबल्याची कुणकुण लागली. किसनरावांचा पुष्कळ कापूस अमरावतीला पडून होता. ही बातमी पेठेत फुटायच्या आत तो विकून मोकळं व्हायचं, म्हणून ते भर दुपारी माझ्यावर बसले. सडकेवर गाड्यांची रांग लागलेली. मला त्यांनी सरळ शेतात घातलं. वैशाखातलं आमचं काळं रान तुम्ही पाहिलं असेल. उन्हानं तडकून अशा भेगा पडतात की माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जावा. घोड्याला जमीन कळते. मी थांबले. कान मागे पाडले, मान हलवली, नाही म्हणून जितकं सांगता येतं तितकं सांगितलं. उत्तर म्हणून पाठीवर चाबूक बसला. मग धावले. आणि भेगेत डावा पाय अडकून मोडला, आम्ही दोघंही कोसळलो.

किसनराव उठले, धोतर झटकलं, माझ्या पायाकडे एकदा पाहिलं, सडकेवर जाऊन कुणाच्या तरी बैलांच्या दमणीत बसले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मोतद्दार येईपर्यंत मी एका बाभळीखाली तीन पायांवर उभी होते. कापूस वेळेवर विकला गेला, असं मागाहून कळलं. हो, त्यांचं काहीही बुडालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण गरिबी आली म्हणून बिचाऱ्यांनी घोडी टाकली, असं तुम्हाला वाटायला नको.

पाय बसला तो वाकडाच. मोतद्दाराला घरी पाठवलं. हरभरा बंद झाला, मग गूळ बंद झाला, मग खरारा. लंगडी घोडी घेणार कोण? दोघे-तिघे आले, पाय पाहून गेले. मारून टाकावी तर पाप लागतं, पोसावी तर जिवावर येतं. तेव्हा किसनरावांच्या सुपीक डोक्यातून ती टूम निघाली. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीमातेचं माहेर. श्रीकृष्णानं तिला रथात बसवून नेलं, आणि रथ ओढला घोड्यांनी. "मंग घोडी देवाले सोडली तं केवढं पुन्य!" किसनराव ओसरीवर बसून सगळ्यांना सांगू लागले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. देवाचं नाव आल्यावर नाही कोण म्हणणार?

गाडीच्या मागे बांधून त्यांनी मला नेलं. वाकड्या पायानं, अकोल्याहून थेट वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरपर्यंत. कार्तिकाची जत्रा भरली होती. वाजंत्री लावली, मला हार घातला, कपाळाला कुंकू फासलं आणि घाटावर माझं दावं सोडून दिलं. लोक किसनरावांच्या पाया पडले. माझ्याही पडले. मग सगळे जेवायला गेले.

आता इथं माझं डोकं फिरतं, मित्रांनो. मला टाकलं ते एकवेळ मी गिळलं असतं. टाकलेली जनावरं काही कमी नसतात. पण टाकलेल्या जनावराला निदान कुणी तरी उचलतं. कुणाला दया येते, कुणाला शेण हवं असतं, कुणाच्या पोरांना खेळायला हवं असतं. मला कुणी हात लावेना. का? तर मी देवाची. देवाची वस्तू घरी नेली तर चोरी! रोज बाया नदीवर येत, माझ्या टापांना हात लावून तो हात कपाळाला लावत, कुंकू लावत आणि घागर भरून निघून जात. त्या घागरीतलं पाणी माझ्यापुढं ठेवावं, असं एकीला सुचलं नाही. घाटाची दरड उंच आणि माझा पाय असा. पाण्यापर्यंत उतरायला मला अर्धा दिवस लागे. शेतात तोंड घातलं तर काटेरी फांदीनं हाकलत, आणि हाकलताना वर माफी मागत. "चुकलं माकलं माफ कर, माय." बोडक्याची माफी!

किसनरावांची टूम झपाट्यानं पसरली. कापसाचा भाव उतरला तशी हौसेनं घेतलेली घोडी लोकांना जड झाली. तिकडे आगगाडीचे रूळ सरकत येत होते, म्हणून टांग्यांचे घोडेही नकोसे झाले. सगळ्यांना पुण्याची हुक्की आली. कुणी आंधळी पांढरी घोडी आणून सोडली, कुणी टांग्याचा लाल घोडा, ज्याच्या खांद्यावरच्या जखमा अजून ओल्या होत्या. आम्ही एकमेकांच्या आडोशानं उभे राहत होतो. थंडीत काही गेले. त्यांच्यापुढंही लोकांनी मेल्यावर नारळ फोडले.

माझ्या पायाच्या जुन्या जखमेत किडे पडले होते, तेव्हा मैनाबाई आली.

मैनाबाई जवळच्याच एका नदीकाठच्या गावची. घरची काळी जमीन, दोन बैलजोड्या, नवरा महादेवराव स्वभावानं मऊ. ही मात्र तोंडाची फटकळ. धुणं घेऊन आली होती. तिनं माझ्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, मग पाय पाहिला, आणि धुणं तसंच टाकून घाटावरच्या बायांवर कडाडली.

"काहून वं, डोळे फुटले काय तुमचे? वर कुकू लावता, खाली किडे दिसत नाई?"

"देवाची हाय वं ते," एक जण म्हणाली.

"देवाची हाय तं देव येनार हाय काय तिचा पाय धुवाले?"

तिनं लुगड्याच्या काठाची पट्टी फाडली, माझ्या गळ्यात बांधली आणि मला चालवत घरी नेलं. रस्ताभर ती माझ्याशी नाही, त्या न दिसणाऱ्या मालकाशी भांडत होती. मी त्यातला शब्द न् शब्द ऐकला. इतकं बरं मला हरभरा खाऊनसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

महादेवराव गोठ्याच्या दारात उभे राहिले. बैलांच्या गोठ्यात घोडी पाहून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"अवं, हे काय काम करन?"

"काई नाई. जगन," मैनाबाई म्हणाली. "सरका बाजूले."

सीताफळीचा पाला वाटून तिनं जखमेत भरला. किडे गेले. मग रोज विटेचा शेक, हळदीचा लेप. मी पहिल्याच दिवशी तिला लाथ मारली; दुखत होतं, मी तरी काय करू? तिनं मला सणसणीत शिवी दिली आणि परत लेप लावायला बसली. कडब्याची कुट्टी, हरभऱ्याचं कुटार, सणासुदीला भाकर. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लावला तेव्हा उरलेला रंग तिनं माझ्या शेपटीला लावला. पाय वाकडा तो वाकडाच, पण दुखणं गेलं. अंग भरलं, केसांवर तकाकी आली.

हे सगळं गोड दिसतं, पण गाव कसं होतं ते ऐका. पहिल्या दिवसापासून कुजबुज होतीच, की मैनाबाईनं देवाच्या घरी चोरी केली. त्या वर्षी पावसानं ताण दिला, आणि कुजबुजीला तोंड फुटलं. सगळ्यांत पुढं गोदाबाई, महादेवरावांची चुलती. म्हातारी मनानं वाईट नव्हती, पण पापाला फार भ्यायची. तिनं गावभर सांगितलं, चोराच्या घरचा कापूस कुणी वेचू नका, पाप हाताला लागतं. कार्तिक आला, सगळ्या रानात वेचणीला बाया लागल्या, आणि मैनाबाईच्या रानात एकही आली नाही. बोंडं फुटून कापूस खाली लोंबायला लागला, मातीत पडायला लागला. नवरा-बायको दोघं किती वेचणार? संध्याकाळी दोघांचीही बोटं बोंडांच्या टोकांनी रक्ताळलेली असत. गावचे पाटील खुशालराव यांनी निरोप धाडला: जत्रेच्या दिवशी घोडी घाटावर नेऊन सोडा, नाही तर गाव तुमच्या दारात येणार नाही.

जत्रेच्या सकाळी महादेवरावांनी माझं दावं सोडलं.

"मैने, आपला कापूस मातीत चालला वं. काय करू मी?"

मैनाबाईनं चूल विझवली. मला भीती वाटली. घाटावर परत गेले तर पुढची थंडी मी काढणार नव्हते, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. ती आमच्या मागोमाग आली.

घाटाच्या वाटेवर, पारावर सगळं गाव जमलं होतं. आणि तिथं, जरीचा फेटा बांधून, पाटलांच्या शेजारी कोण बसलं होतं? किसनराव! जत्रेला आले होते. आदल्या दिवशी मी नदीवर पाणी पीत असताना त्यांनी मला पाहिलं होतं, ओळखलं होतं, आणि माग काढत इथवर आले होते. मला पाहताच उठले आणि माझ्या मानेवर तीच ती थाप मारली.

"पाटील, हे घोडी माही हाय," ते म्हणाले. "पोराचं, सूर्यभानचं, लगन हाय. वरातीले पंचकल्यानी पायजे. मी घिऊन जातो, तुमच्या गावाची बी कटकट मिटली."

खुशालराव बुचकळ्यात पडले. "तुमची कशी? तुमी तं देवाले देल्ली होती मनते."

किसनराव हसले. मित्रांनो, ते हसणं मी मेल्यावरही विसरणार नाही.

"अवो, तवा लंगडी होती, मनून सोडली. आता देवानं बरी केली, मंजे परतच देल्ली नं मले! तसंही माहीच होती. देवाले काय करायची घोडी?"

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून मैनाबाई पदर सावरत पुढं आली. गावच्या पाटलापुढं सुना बोलत नसत त्या काळी. ती बोलली, थेट पाटलांशी.

"मामंजी, एकच इचारते. घोडी कोनाची? देवाची असन, तं हा मानूस कोन नेनारा? आन् याची असन, तं मी देवाची चोर कशी झाली? काहून माहा कापूस मातीत घातला तुमी सगळ्यायनं?"

"मैने!" महादेवराव पुटपुटले.

"मैने काय? वर्सभर ऐकून घेतलं म्या!" ती किसनरावांकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "लंगडी झाली तवा देवाची, आन् धड झाली तवा तुमची? मंग देवाच्या वाट्याले काय आलं वो? किडे?"

किसनरावांचा चेहरा पडला, पण हेका सुटला नाही. चार माणसांत एका बाईनं बोलावं, हे त्यांना झोंबलं. ते सरळ पुढं आले आणि महादेवरावांच्या हातातलं दावं ओढू लागले. आजवर मी कुणाला चावले नव्हते. त्या दिवशी चावले. दंड धरला तो कोपरापर्यंत सोलवटूनच सोडला. ते असे बोंबलले की पारावरची चिमणीपाखरं उडाली. मला त्याची अजिबात खंत नाही, आणि तुम्ही मला त्याबद्दल उपदेश करू नका.

खुशालरावांनी आपल्या पागोट्याचा शेव चाचपला. मग म्हणाले, "पावने, घोडी तुमी देवाले बी देल्ली नाई आन् घरी बी ठेवली नाई. टाकली. टाकलेलं जनावर ज्यानं जगवलं त्याचं. मैनाबाईच्या दारात राहीन ते. आन् उद्यापासून बाया तिच्या रानात वेचाले जातीन." किसनराव दंड धरून निघून गेले. सूर्यभानची वरात कशावर निघाली, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. हातात नवंकोरं दावं.

"मैने," ती म्हणाली, "घाटावर तो लाल घोडा हाय नं, टांग्याचा. देवाचा नसन तं मंग... माह्या गोठ्यात जागा हाय वं. चावते काय तो?"

"तुमी घरी आना तं खरं, काकी. मंग चावू द्या."

मला बरोबर घेतलं, म्हणजे तो बुजणार नाही. तिघी घाटावर गेलो. जत्रा उठली होती. लाल घोडा दरडीवर, पाण्याच्या जरा वर, आडवा पडला होता. मान नदीकडे. कपाळावर ताजं कुंकू, तोंडाजवळ फोडलेला नारळ. मी हुंगलं. तो रात्रीच कधी तरी गेला होता.

"काल तं पापनी हालवत होता वं," गोदाबाई म्हणाली. "मीनंच तं लावलं कुकू. पाया पडली, नारळ फोडला... हालवत होता पापनी." ती खाली बसली आणि पदरानं त्याच्या कपाळावरचं कुंकू पुसू लागली. ते निघेना.

मग ती उठली. शेजारी ती आंधळी पांढरी घोडी उभी होती, जिच्याकडे कुणी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. गोदाबाईनं दावं तिच्या गळ्यात घातलं. म्हातारी पुढं, आंधळी तिच्या मागं, अशा त्या गावात शिरल्या. त्या कार्तिकात आणखी काही घोडी आमच्या गावात आली. सगळी नाही आली. सगळी उरली नव्हती.

म्हणून मी चिडलेली आहे, मित्रांनो, आणि चिडूनच तुम्हाला सांगते. तुमच्याही गावाबाहेर असं एखादं जनावर उभं असेल. पाय वाकडा असेल, डोळा गेला असेल, कुणी तरी मोठ्या थाटात त्याला सोडून गेलं असेल. त्याला हात जोडू नका. ते कामाचं आहे का, शुभ आहे का, हेही विचारू नका. दावं घ्या, बादली घ्या आणि आजच जा. उद्यावर टाकू नका; दुसऱ्या दिवशी सकाळी तर गोदाबाईसुद्धा गेली होती.